अवसेची लाल बत्ती

"अवसेच्या राती लाल बत्ती घेऊन वावरात काय करून राहिला होता, तेजराम?"

नत्थूच्या हातात काठी होती. त्याच्यामागे करडी गावातली दहा-बारा माणसं अंगणात उभी होती. नत्थूची नात गुड्डी त्याच अमावस्येपासून तापाने फणफणली होती.

"फोटो काढत होतो, नत्थूभाऊ." जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तेजरामने दुर्बीण घेतली होती. "चांदनं असलं का फिकं काई दिसत नाही. पांढऱ्या उजेडानं डोळे दिपतात, म्हनून लाल बत्ती."

"कोनाचा फोटो?"

दाराआडून कौशल्याबाईने नवऱ्याची बाही ओढली. "आत चला जी." पण नीट समजावलं की माणसाला समजतं, असं तेजराम मानत आला होता. त्याने लॅपटॉप बाहेर आणला. काळ्या पडद्यावर उजेडाचा मोठा भोवरा होता, शेजारी एक लहान धूसर गोळा, आणि दोघांना जोडणारी बारीक दोरी.

"ह्या दोन दीर्घिका. ताऱ्यायची गावं समजा. मोठी लहानीले ओढून राहिली."

"मंग लहानीचं काय होते?" गुड्डीची आजी शकुबाई पुढे आली.

तेजरामने खरं तेच सांगितलं. "हळूहळू मोठी तिले गिळते."

शकुबाईने पदर तोंडाशी नेला. "आयकलं का? अवसेपासून वाळून राहिली माही पोरगी!"

"नाही वो वहिनी, हे लय दूरचं..." तेजरामने फाटकाकडे पाहिलं. कुणीतरी फाटकाची कडी आतून लावली होती.

कौशल्याबाई बाहेर येऊन नवऱ्यापुढे उभी राहिली. "पोरीले दवाखान्यात नेलं का? नाही ना? यायले मारून ताप उतरते का? चला, मीबी संगं."

नत्थूने काठी खाली केली.

"नेतो," नत्थू म्हणाला. "पन आजपासून तुह्या वावरात रातभर पांढरा बल्ब जळन. तू काय करतं, थे आमाले दिसलं पाहिजे."

त्या उजेडात एकही दीर्घिका फोटोत येणार नव्हती. तरी तेजरामने होकारार्थी मान हलवली.

गुड्डीचा मलेरिया औषधाने उतरला. बल्ब काढ, असं मात्र कुणी म्हटलं नाही.

पुढच्या अमावस्येला घरी राहिलो तर संशय वाढेल, म्हणून तेजराम दिवेलागणीलाच वावरात गेला. बटण त्यानेच दाबलं. उन्हाळी धानातले किडे बल्बभोवती जमले. गोधडीत गुंडाळलेल्या दुर्बिणीशेजारी तो ताठ बसून राहिला.

कौशल्याबाई चहा घेऊन आली. तिने वर पाहिलं. "आता काई दिसते का जी?"

"मी दिसतो ना गावाले," तो म्हणाला. त्याची नजर बांधापलीकडच्या अंधारावरून हलली नाही.