कोणी न चाखलेली वाइन

सकाळी अकरा वाजता प्राजक्तानं टाकीची तोटी उघडली, पेला भरला आणि वाइनचा घोट घेतला. लगेच थुंकला. कडू जहर.

मोझरीजवळच्या या संत्र्याच्या वायनरीत बारा वर्षं वाइन बनते आणि आजच्या सकाळपर्यंत घरातल्या एकाही जिभेला ती लागलेली नव्हती. सासरे खुशालराव माळकरी. व्यसनमुक्तीच्या मेळाव्यात त्यांचं भाषण ठरलेलं. बनवणं हा धंदा, पिणं हे पाप, अशी सोयीची वाटणी त्यांनी करून टाकलेली. ते टाकीला कान लावून बुडबुड ऐकतात आणि वाइन झाल्याचं जाहीर करतात. नवरा विपुल तेच मोबाइलवरचे आकडे पाहून करतो. वाइनचं शिक्षण एकट्या प्राजक्ताचं, म्हणून बाटलीवर नाव तिचं. चाखायची मनाई मात्र तिलाही.

रस कसा काढायचा यावर यंदा बापलेकांत समेट झाला. विपुलचं नवं यंत्र आलं. ते बियांसकट संत्री भरडतं. खुशालरावांची जुनी रीतही राहिली. चोथा तीन दिवस रसात मुरू द्यायचा. एकेकटं कदाचित खपून गेलं असतं. दोन्ही मिळून बियांचा सगळा कडूपणा रसात उतरला. माहितीपत्रकात विपुलनं यालाच परंपरेचा आणि तंत्रज्ञानाचा संगम म्हटलं होतं.

"मामाजी, टाकी कडू झाली. आज ओमप्रकाशजीले देऊ नका."

"तुले कसं समजलं?" खुशालरावांनी विचारलं.

"चाखली."

सासू पार्वताबाईंच्या हातची परात खाली आली. "अवो माय! सुनेनं दारू पेली!"

"पेली नाई, थुकली."

"तोंडात तं घेतली ना?"

विपुलनं मोबाइल पुढं केला. "आकडे बराबर हायेत. कडू कावून लागंन?"

"मंग मोबाइलच चाटा."

त्यानंतर घरात चर्चा झाली ती प्राजक्तानं डोक्यावरून अंघोळ करावी की मोझरीच्या आश्रमात जाऊन क्षमा मागावी याची. टाकीचं नाव कोणी काढलं नाही.

दुपारी बारा वाजता अकोल्याचे व्यापारी ओमप्रकाश आले. सगळा माल तेच उचलणार होते. खुशालरावांनी पेला भरला आणि तोंड फिरवून पुढं केला.

"घरात कोणी चाखली का?" ओमप्रकाशांनी सहज विचारलं.

"आमच्या घरात कोणी शिवत नाई," खुशालराव छाती फुगवून म्हणाले.

"मी चाखली," प्राजक्ता म्हणाली. "कडू हाये. माह्या नावानं हे बाटली जाणार नाई."

विपुल मोबाइलमध्ये बघू लागला. ओमप्रकाशांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग खुशालरावांच्या माळेकडे. एक वाजता पेला त्यांच्या हातातच होता, काठोकाठ भरलेला.