लेकीच्या लग्नाची बिअर

आमच्या घरात नाक एकच होतं, ते माझ्या नवऱ्याचं, रॉइसचं. बाकी आम्ही सगळे नुसते श्वास घेणारे.

हे माझं म्हणणं नाही, त्याचंच. स्कॉट्सडेलच्या दूध-लोण्याच्या कारखान्यात जन्मभर वेल्डिंग केलेला माणूस, पण बिअरचा ग्लास नाकाशी नेला की असे डोळे मिटायचा, की बघणाऱ्याला वाटावं आता हा भविष्य सांगणार. आणि सांगायचाही. बाटली नीट धुतली नव्हती, मोडाच्या सातूचा माल्ट जुना होता, पाणी नळाचं तसंच ओतलं, सगळं त्याला वासावरून कळायचं. बरं, कळायचं तर कळायचं, गप्प बसावं ना? शेजारचा क्लाइव एकदा मोठ्या हौसेने घरी केलेली काळी बिअर घेऊन आला, तर रॉइस सगळ्यांदेखत त्याला म्हणाला, मेंढी धुतलेलं पाणी निदान गाळून तरी आणायचंस. क्लाइव हसला. आमच्याकडे मित्राने चारचौघांत लाज काढली की हसायचंच असतं. पण त्यानंतर त्याने बिअर करणं सोडलं ते सोडलंच.

जॅरडचीही तीच गत. आमच्या लेकीने, टॅमसिनने, त्याला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा रॉइसने त्याच्या हातात ग्लास दिला आणि विचारलं, कसला वास येतो? पोरगा बिचारा घाबरून म्हणाला, केळ्याचा. पुढे वर्षभर तो आमच्या घरात ‘केळेसाहेब’ होता. साखरपुड्याच्या केकवरसुद्धा रॉइसने केळं ठेवायला लावलं.

निवृत्त झाल्यावर रॉइसने मागच्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने टाकी केली. वर गोल, खाली नरसाळ्यासारखी निमुळती, तीन पायांवर उभी, चकचकीत पोलादाची. बिअर आंबत असताना यीस्टचा गाळ त्या निमुळत्या तळात जमा होतो. तळाशी झडप आहे, ती उघडली की गाळ बाहेर आणि बिअर जागच्या जागी. या भांड्यातून त्या भांड्यात ओतायला नको. जोड त्याने असे घासले होते की बोट फिरवलं तरी कुठे लागत नसे. टाकी पुसताना तो तिच्याशी बोलायचा. माझ्याशी काय बोलायचा? चहा झाला का, एवढंच.

त्या टाकीचा एक नियम होता आणि तो त्यानेच सगळ्यांना पढवला होता. झडप उघडायची घाई करायची नाही. आधी मधल्या नळातून थोडी बिअर काढायची, गरम पाण्यात ग्लास धरून कोमट करायची आणि वास घ्यायचा. लोण्याचा वास आला तर थांबायचं. ते लोणी यीस्टनेच केलेलं असतं आणि थोडे दिवस दिले तर यीस्ट आपलं उष्टं आपणच साफ करतं. घाईने गाळ काढलात तर साफ करणाराच गेला, लोणी मग जन्मभर बिअरमध्ये. हे मला झोपेतसुद्धा म्हणता येतं, इतक्यांदा ऐकलंय.

दोन हिवाळ्यांपूर्वी रॉइसला फ्लू झाला. चांगलंच लोळवलं त्याला. उठला, पुन्हा शेडमध्ये जायला लागला, पण काहीतरी बदललं होतं. स्वतः भविष्य सांगायचं त्याने बंद केलं. आता तो ग्लास दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, “सांग, कसला वास येतोय?” आला-गेला, पोस्टमन, क्लाइव, मी, कुणाची सुटका नव्हती. आम्हाला वाटलं, मास्तर आता परीक्षा घ्यायला लागले. केळेसाहेब व्हायची हौस कुणाला? जो तो म्हणायचा, छान आहे, मस्त आहे, हॉप्सचा कडवटपणा झकास उतरलाय. रॉइस मान डोलवायचा आणि आत जायचा.

आणि बिअर बिघडायला लागली. कधी कमी, कधी जास्त, पण वास तोच, खवट लोण्याचा. पाहुणे ग्लास हातात घेऊन गप्पा मारत मारत शेडमागच्या लिंबाकडे जायचे आणि रिकामा ग्लास घेऊन परत यायचे. मीही जायचे. मनात म्हणायचे, बघा, दुनियेला नावं ठेवणाऱ्याला स्वतःचं दिसत नाही. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटायचं.

मग टॅमसिनच्या लग्नाची तारीख ठरली. तिकडे लॉन्सेस्टनला राहते ती, वर्षातून दोनदा येते. फोनवर म्हणाली, हॉल साधा चालेल, फुलं नसली तरी चालतील, पण बिअर बाबाचीच हवी. रॉइसने टाकी काठोकाठ भरली. तळावर हात ठेवून बसायचा, कान लावून बुडबुडे ऐकायचा. मला ते सगळं नाटक वाटायचं.

लग्नाला दोन आठवडे राहिले होते, तेव्हा तो कोमट केलेला ग्लास घेऊन स्वयंपाकघरात आला. मी पाहुण्यांच्या चादरींना इस्त्री करत होते.

“ग्लेनिस, नीट वास घे. कसला येतोय?”

मी घेतला. लोणी. अगदी स्पष्ट, जरासं खवटच. ओठांवर आलं होतं माझ्या. पण मनात म्हटलं, याला काय कळत नाही? आता मी लोणी म्हणणार आणि हा म्हणणार, तुला नाक दिलंय कशाला, चष्मा टेकवायला? हातात इस्त्री तापलेली, डोक्यात शंभर कामं.

“छान आहे,” मी म्हटलं. “मला कशाला विचारतोस?”

त्याच संध्याकाळी त्याने झडप उघडली आणि सगळा गाळ काढून टाकला.

बिअर पिंपांत भरून झाल्यावर जॅरड ती न्यायला आला. रॉइस दोरी शोधायला आत गेला तेवढ्यात आम्ही दोघांनी घोटभर चाखली. जॅरडने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. सगळ्या गावासमोर, लेकीच्या लग्नात, रॉइस ही बिअर वाढणार होता. त्याने ज्यांची ज्यांची लाज काढली होती, ते सगळे तिथे असणार होते. मला रात्रभर झोप लागली नाही. नवऱ्यावर कितीही राग असला तरी त्याचं नाक त्या दिवशी कापलं जावं, असं मला वाटत नव्हतं.

मग मीच डोकं चालवलं. जॅरडच्या पिकअपमध्ये विकतच्या बिअरचे डबे भरायचे, वर ताडपत्री, गाडी लग्न होतं त्या फुटबॉल क्लबच्या हॉलमागे उभी करायची. ग्लास तिथूनच भरून आत न्यायचे. दिसायला रंग एकच. माझी बहीण मर्ल आणि क्लाइव, दोघांनी पाहुण्यांच्या कानात सांगायचं: रॉइसच्या पिंपाला हात लावू नका, आणि निघताना त्याच्या बिअरचं तोंडभरून कौतुक करा. टॅमसिनला मात्र यातलं काही कळू द्यायचं नाही. सगळं कसं बिनबोभाट जमून आलं. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटत होतं.

लग्न छान झालं. मैदानावर ऊन होतं, अख्खं कोकरू निखाऱ्यावर फिरत होतं, ज्याच्या त्याच्या हातात ग्लास. रॉइस कोट घालून माणसांमधून फिरत होता आणि भरलेले, रिकामे ग्लास बघून हळूहळू त्याचे खांदे सैल होत होते. इतकं खूश मी त्याला दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. मी हॉलमागे जाऊन ताडपत्रीखालून पुढचे डबे काढत होते, तेवढ्यात मागचं दार उघडलं.

रॉइस होता. दोन्ही हातांत पिंप धरून, थोडा वाकून. संपलं असेल, बदलावं, म्हणून उचलायला गेला होता.

“भरलेलं आहे,” तो म्हणाला.

माझ्या हातात फोडलेला डबा होता. लपवायला जागा नव्हती. त्याने ताडपत्रीकडे बघितलं, ओळीने मांडलेल्या ग्लासांकडे बघितलं आणि पिंप हळूच खाली ठेवलं.

“इतकी वाईट आहे?”

मला रागच आला. पकडले गेले म्हणून आला असेल. “तुला माहीत नाही? एवढं मोठं नाक तुझं!”

“नाक गेलं, ग्लेनिस. त्या फ्लूमध्येच. कॉफीचा येत नाही, पेट्रोलचा येत नाही. तुझाही नाही.”

मी डबा खाली ठेवला. आणि जे बोलू नये तेच बोलले. “मग सांगायचं नाही का?”

“क्लाइवला मेंढीचं पाणी म्हणालो होतो मी. कुठल्या तोंडाने सांगणार?” तो म्हणाला. “पण मी विचारत होतो ना. प्रत्येकाला. गाळ काढायच्या आधी तुलाच विचारलं.”

आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर मलाही दोन शब्द बोलता आले असते. दोन वर्षं एका घरात, एका टेबलावर जेवत होतो आम्ही. तो भाजीवर मीठ ओतायचा, करपलेला पाव निमूट खायचा आणि मी म्हणायचे, म्हातारा विक्षिप्त झालाय. मला इतकी लाज वाटली की त्याच्याकडे बघवेना.

“कुणाकुणाला सांगितलंस?” त्याने विचारलं.

“सगळ्यांना. टॅमसिन सोडून.”

त्याने मान हलवली. पिंपातून एक ग्लास स्वतःसाठी भरला आणि आत गेला. नवरीच्या बापाचं भाषण व्हायचं होतं. तो नीट बोलला, दोन विनोद केले, जॅरडला एकदाही केळेसाहेब म्हणाला नाही, आणि हातातला ग्लास एका दमात संपवला. त्या हॉलमध्ये त्याची बिअर पिणारा तो एकटाच, असं मला वाटलं.

खरं मरण पुढे होतं. पाहुणे निघायला लागले, आम्ही नवरा-बायको दारात उभे राहिलो, आणि एकेक जण येऊन मी पढवलेलं बोलायला लागला. काय बिअर होती, रॉइस. दुकानात अशी मिळत नाही, रॉइस. मर्ल तर म्हणाली, तिसरा ग्लास घेतल्याशिवाय राहवलंच नाही. थांब म्हणून डोळ्यांनी खुणावत होते मी, पण कुणाचं लक्ष असेल तर ना. रॉइस प्रत्येकाचा हात हातात घेऊन नावानिशी आभार मानत होता. क्लाइव आला आणि त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, आजवरची तुझी सगळ्यात चांगली. रॉइसने त्याचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. “बरं वाटलं, क्लाइव,” म्हणाला. मी पायांखालची फरशी बघत होते.

शेवटी टॅमसिन आणि जॅरड निघाले. टॅमसिन बापाच्या गळ्यात पडली. त्याने तिला जरा दूर धरून विचारलं,

“पोरी, खरं सांग. बिअरला कसला वास येत होता?”

जॅरडने माझ्याकडे बघितलं. मर्ल पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

“खवट लोण्याचा,” टॅमसिन म्हणाली. “भयंकर होती, बाबा. दोन ग्लास प्यायले, दुसरा नाक दाबून.”

“मग प्यायलीस कशाला?”

“तू केली होतीस ना.”

रॉइस हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, आणि तिला पुन्हा जवळ ओढलं. एवढंच होतं ते. कुणीतरी विचारायचं आणि कुणीतरी खरं सांगायचं. आभाळ कोसळलं नाही, तो रागावला नाही, कुणाला नाव पडलं नाही.

त्याच्या खांद्यावरून टॅमसिनने माझ्याकडे बघितलं. “पण आई, तू तर घरातच होतीस. तुला नाही आला वास?”

मी तोंड उघडलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

“तिला सर्दी झाली होती,” रॉइस म्हणाला, आणि टॅमसिनसाठी गाडीचं दार उघडलं.