टेबलाखालचा खोका

मी एक जुना लाकडी खोका आहे. मित्रांनो, माझा अवतार बघून नाक मुरडू नका. एका सुताराने मला काचेच्या बरण्या नेण्यासाठी बनवलं. अंगावर ‘नाजूक माल, सांभाळून उचला’ असं ठळक छापलं होतं, त्यामुळे आडदांड हमालही मला तान्ह्या बाळासारखं उचलायचे. तेव्हा मी जरा भावच खात असे. पुढे प्लॅस्टिकचे खोके आले आणि माझी रवानगी एका घराच्या गॅलरीत झाली, रद्दीचा भार वाहायला.

त्या घरात अकरा वर्षांची एक मुलगी होती. सगळे तिला चिऊ म्हणत. ती स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक होती. फक्त पांढरा भात आणि टोस्ट खायची, तेही दोन घास झाले न झाले तोच उठून पळायची. आत्या म्हणायची, सगळे लाड आहेत, उपाशी राहिली की खाईल गपगुमान. आई बिचारी काळजीने अर्धी झाली होती. एकदा तिने गाजर वाटून भातात लपवलं. चिऊला पहिल्याच घासाला कळलं आणि त्या दिवसापासून भातही बंद झाला. वजन उतरू लागलं. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मग आहारतज्ज्ञ बाई घरी आल्या. ताटाकडे न बघता त्यांनी फरशीवर बसकण मारली आणि त्या टेबलाखाली डोकावल्या. उंच खुर्चीवर बसलेल्या चिऊचे पाय लोंबकळत होते. स्वतःला सावरण्यातच तिची सगळी ताकद खर्च व्हायची. बाईंनी पायांखाली ठेवायला काहीतरी मागितलं आणि मी पालथा होऊन टेबलाखाली आलो.

“आता तिच्यापासून काही लपवायचं नाही,” बाई आईला म्हणाल्या. “नवीन पदार्थ वेगळ्या बशीत, लांब ठेवा. खा म्हणू नका. पायांची बोटं आखडली की बशी मागे घ्या.”

ती बोटं माझ्याच पाठीवर आखडायची. पोर किती घाबरते हे मला तेव्हा कळलं. मला फार वाईट वाटायचं. हळूहळू ती टेबलाशी टिकू लागली, भात परत आला. बशी मात्र कित्येक महिने पुढे यायची आणि मागे जायची.

एका दुपारी बशीत उकडलेलं गाजर आहे, असं आईने चिऊला सांगितलं. चिऊची बोटं हलली नाहीत. वर काय चाललंय ते मला दिसेना. दिसत होती ती फक्त आईच्या गुडघ्यावरची घट्ट आवळलेली मूठ.

“मऊ आहे,” चिऊ म्हणाली.

“हो,” आई एवढंच म्हणाली. तिचा हात वर गेला. खाली आला तेव्हा तो ओला होता.

चिऊ अजूनही मोजकंच खाते, पण नळी लागली नाही. आता तिचे पाय जमिनीला टेकतात आणि मी दाराशी चपला सांभाळतो. मित्रांनो, तुमच्या शेजारी डबा उघडताना घाबरणारं एखादं मूल असेल. त्याला हसू नका, त्याच्या डब्यात गुपचूप काही टाकू नका. माझ्या अंगावर छापलेलं होतं म्हणून हमाल मला जपायचे. मुलांच्या अंगावर कुणी तसं छापत नाही. ते तुम्हीच ओळखायचं असतं.