धोंडूबाईंची घरपट्टी

महापालिकेच्या वसुली पथकातले दोघे सकाळी साडेनऊला सांडोर गावातल्या शत्रुघ्नच्या घरासमोर उभे राहिले आणि त्यांनी अदबीने विचारलं, "धोंडूबाई आहेत का?"

"नाहीत," शत्रुघ्न म्हणाला.

"कुठे गेल्यात?"

धोंडूबाई, म्हणजे शत्रुघ्नची आई, तीन वर्षांपूर्वी माघात वारली होती. पण हे वाक्य शत्रुघ्नच्या तोंडून आजवर निघालेलं नव्हतं. तेव्हा नातेवाइकांना फोन धाकट्या भावाने केले होते, नाक्यावरच्या फळ्यावर नाव शेजाऱ्यांनी लिहिलं होतं, आणि मृत्यूचा दाखला आला तो शत्रुघ्नने लॅमिनेट करून साड्यांच्या खाली ठेवून दिला होता.

"बाहेर गेल्यात," तो म्हणाला.

"मग आल्या की हे द्या." पथकातल्या थोरल्याने कागद पुढे केला. "आज साडेचारपर्यंत काउंटर चालू आहे. नाहीतर उद्या अकराला तळमजला सील आणि नळ बंद."

कागदावर शहाऐंशी हजार चारशे वीस रुपये लिहिले होते. शत्रुघ्न चक्क हसला. "साहेब, काहीतरी गडबड आहे तुमची. आमची घरपट्टी आपोआप जाते."

"सगळ्यांचीच जाते," तो माणूस म्हणाला. "आमच्याकडे तेवढी पोचत नाही." आणि दोघे पुढच्या घराकडे वळले.

आपोआपचा किस्सा असा, की घर आईच्या नावावर, म्हणून मागच्या तीन खोल्यांचं भाडं आईच्या खात्यात येई आणि दरवर्षी घरपट्टी त्याच खात्यातून परस्पर कापली जाई. ही व्यवस्था शत्रुघ्नच्या मुलाने, मितेशने, पुण्याला नोकरीसाठी जाण्याआधी लावून दिली होती. बँकेचे संदेश आईच्या मोबाईलवर येत. आणि तो मोबाईल आईनंतर कोणी चार्ज केला नव्हता.

"पन पत्रं आली असतील ना?" त्याची बायको जागृती खालच्या खोलीतून म्हणाली. तिचे दोन्ही हात केळ्यांनी चिकट झाले होते.

पत्रं आली होती. सात आली होती. सगळी आईच्या तसबिरीसमोर एकावर एक रचलेली होती आणि सगळ्यात वरच्यावर ताजं जास्वंदीचं फूल होतं. कारण आई साठाव्या वर्षी प्रौढ वर्गात जाऊन लिहायला-वाचायला शिकली, आणि त्यानंतर आपल्या नावाचं टपाल दुसऱ्या कोणी फोडलेलं तिला चालत नसे. एकदा मितेशने तिचं विजेचं बिल उघडलं तर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. तो नियम घरात अजून चालू होता. नियम करणारी गेली म्हणून नियम मोडावा, असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

शत्रुघ्नने पहिलं पाकीट फोडताना तसबिरीकडे पाठ केली. पहिल्यात विनंती होती, तिसऱ्यात स्मरण, पाचव्यात महिना दोन टक्के व्याज आणि सातव्यात जप्ती.

"फूल रोज बदलत होतो आपन जप्तीवरचं," जागृती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

तिच्या मागे बांबूच्या चटयांवर नऊशे राजेळी केळी सोलून पसरलेली होती. सुकेळ्यांचा, म्हणजे केळी सुकवण्याचा, सहावा दिवस. दिवसा अंगणात ऊन दाखवायचं, संध्याकाळी आत आणून केळीच्या वाळक्या सोपटांत झाकायचं, असं अजून तीन दिवस. बाहेर राहिली तर रात्रीच्या दवाने काळी पडणार, आणि वरच्या दोन खोल्यांत नवरा-बायकोच जेमतेम मावत. शत्रुघ्नच्या खात्यात अकरा हजार होते. बाकीचं सगळं त्या चटयांवर होतं. पैसे मिळायचे ते माल पोचल्यावर.

"सील लागलं ना," जागृती हळू म्हणाली, "तर आपन संपलो."

बँकेत साडेअकराला त्याचा नंबर लागला. काउंटरमागची अधिकारी तेजस्वी ही गोड बोलणारी मुलगी होती. तिने आईचं पासबुक छापून त्याच्या हातात दिलं.

"तीन लाख बारा हजार आहेत, काका."

शत्रुघ्नचा जीव भांड्यात पडला. भाडेकरू बिचारे दर महिन्याला इमानेइतबारे भरत होते आणि शत्रुघ्नने त्या पैशांना हात लावला नव्हता. आईचे पैसे आईचे.

"मग त्यातले शहाऐंशी हजार द्या."

"खात्यात पैसे येऊ शकतात, जाऊ शकत नाहीत. केवायसी राहिलीय. आजींना घेऊन या, अंगठा आणि फोटो. पाच मिनिटांचं काम."

"तिला येनं जमायचं नाय."

"मग आम्ही घरी येतो ना! ज्येष्ठांसाठी सोय आहे. उद्या दुपारी चालेल?"

क्षणभर शत्रुघ्नला वाटलं, चालेल म्हणावं. मग त्याला आपलीच भीती वाटली.

"ती घरी पन नसते."

तेजस्वीने संगणकावरून नजर काढली आणि आवाज खाली आणला. "काका, आजी आहेत ना?"

त्याची मान हलली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण मुलगी हुशार होती. तिने पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला.

"मग दाखला लागेल. आणि सगळ्या वारसांच्या सह्या. महिना तरी जाईल. वारस किती?"

"दोन. एक मी. दुसरा बोलत नाय."

"मुके आहेत?"

"माझ्यापुरता."

दुसरा वारस म्हणजे धाकटा भाऊ कल्पेश. तो गास गावात राहायचा, भाजीची वाडी करायचा. आईच्या तेराव्याला तो म्हणाला होता, आता खातं बंद करू आणि वाटून घेऊ. शत्रुघ्न म्हणाला, आईचं खातं बंद होणार नाही. कल्पेश म्हणाला, म्हणजे भाडं तू एकटा खाणार. त्यानंतर तीन वर्षं दोघांत शब्द नव्हता. समोरासमोर आले की कल्पेश स्कूटरच्या आरशात बघायचा.

शत्रुघ्न रिक्षाने गासला पोचला तेव्हा एक वाजून गेला होता. कल्पेश वाडीत बिघडलेल्या पंपाशेजारी उकिडवा बसला होता.

"कोन आलंय बघ," तो पंपाला म्हणाला. "रस्ता चुकलाय वाटतं."

"कल्पेश, उद्या घर सील होतंय."

"ज्याचं घर त्याने बघावं," पंपाला सांगण्यात आलं. "भाडं खाताना कोनाला विचारलं नव्हतं."

शत्रुघ्नच्या चपलांत चिखल गेला होता, उन्हाने डोकं भणाणलं होतं आणि काउंटर बंद व्हायला जेमतेम सव्वातीन तास होते. त्याने पासबुक उघडून भावाच्या मांडीवर ठेवलं.

कल्पेशने ग्रीसची बोटं लुंगीला पुसली. पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं. मग उलट्या बाजूने पुन्हा बघत आला. कुठेतरी खाल्लेलं सापडेल, अशी त्याला अजून आशा असावी.

"एक रुपया पन काढला नाय?"

"आईचे होते."

"येडा आहेस तू, दादा."

तीन वर्षांत हे पहिलंच वाक्य पंपाला वगळून आलं होतं. कल्पेश उठून घरात गेला आणि नव्या पंपासाठी ठेवलेले बत्तीस हजार, वर बायकोच्या भिशीचे वीस घेऊन आला. शत्रुघ्नने हात पुढे केला, तर त्याने पैसे शर्टाच्या खिशात कोंबले.

"तुझ्या हातात देनार नाय. पट्टी आईच्या नावाची आहे. मी आईची भरतो, तुझी नाय. बस मागे."

वाटेत शत्रुघ्नचे पैसे काढून आणि लांब रांग धरून सव्वाचारला दोघे महापालिकेच्या काउंटरसमोर पोचले. कल्पेशचे बावन्न, शत्रुघ्नचे अकरा, मिळून त्रेसष्ट हजार. मागे पंधरा-वीस माणसांची रांग होती. मार्च तोंडावर आला होता आणि सगळ्यांनाच नागरिक असल्याची आठवण झाली होती.

काउंटरवरच्या लिपिक बाईंनी पैसे मोजले. "कमी आहेत."

"बाई, उद्या सील लागनार," शत्रुघ्न म्हणाला. "खाली नऊशे केळी आहेत. बायको बसलीय तिथे. मी कुठेही सही करतो."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. केळ्यांचं कारण त्यांच्याकडे बहुधा पहिल्यांदाच आलं होतं. त्या उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. तेवढ्या वेळात भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे गेलं आणि शत्रुघ्नने ती सातही मोजली.

"बाकीचे महिन्याभरात भरायचे," त्या येऊन म्हणाल्या. "पण अर्ज लागेल. धोंडूबाईंची सही घ्या."

 कल्पेशने भावाकडे बघितलं.

"मालक नसतील तर वारसांचा अर्ज चालतो," बाई म्हणाल्या. "तसं स्पष्ट लिहा. दाखल्याची झेरॉक्स जोडा."

झेरॉक्स कल्पेशच्या स्कूटरच्या डिकीत होती. वाटणीचा दिवस कधीही उगवेल म्हणून तो ती तीन वर्षं बरोबर घेऊन हिंडत होता. तो धावत जाऊन घेऊन आला. त्याने कोरा कागदही आणला आणि पेनाचं टोपण काढून दादाच्या हातात दिलं.

"तू लिही," शत्रुघ्न म्हणाला.

"नाय. थोरला तू आहेस."

"कल्पेश, मला नाय जमनार."

"चार पंचवीस झालेत, दादा."

शत्रुघ्नने 'मा. साहेब' लिहिलं, तारीख लिहिली, विषय लिहिला. मग 'माझी आई श्रीमती धोंडूबाई' एवढं लिहून पेन थांबलं. मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, निबंध घरी लिहून आणायचा." बाईंनी घड्याळाकडे बघितलं. कल्पेशने कागद उडू नये म्हणून त्यावर आपला ग्रीसचा पंजा ठेवला.

'वारली आहे', शत्रुघ्नने लिहिलं. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं आलं. खाली दोघांनी सह्या केल्या. शिक्का बसला, पावती फाडली गेली. बाई म्हणाल्या, "उद्या पथक येणार नाही. पण महिना म्हणजे महिना."

आणि तिथेच, काउंटरच्या कडेला कपाळ टेकून, शत्रुघ्न रडायला लागला. आवाज करून, खांदे हलवून. तीन वर्षांपूर्वी स्मशानात तो लाकडं मोजत उभा राहिला होता आणि सगळे म्हणाले होते, काय धीराचा माणूस आहे.

 मागचे एक पोक्त गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"इतकं नका मनाला लावून घेऊ हो," ते कळवळून म्हणाले. "व्याजमाफीची योजना येते कधीकधी. अर्ज करून ठेवा."

"करतो," कल्पेश म्हणाला. त्याने दादाचा दंड धरला आणि त्याला हळूच बाजूला घेतलं. "सरक थोडा. लोक खोळंबलेत."