येतानाचा दीड तास

माझा नवरा लिफ्टचा इंजिनिअर आहे. दर महिन्याला तो सात हजार किलोमीटर लांबच्या एका शहरात जातो, कारण तिथल्या लिफ्टना म्हणे दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. तिथल्या ऑफिसात एक मॅनेजर आहे. बाई. तिचं नाव मी घरात घेत नाही, 'तुझी ती' म्हणते. तो म्हणतो, "माझी कसली? कंपनीची आहे," आणि हसतो. ते हसणं मला अजिबात आवडत नाही.

मी पडदे शिवते. कापड या टोकाकडून मोजा नाहीतर त्या, माप तेच यायला हवं, एवढं मला कळतं. म्हणूनच माझं डोकं फिरलं. विमान निघालं की तो फोनवर कळवतो, 'सुटलो'. पोचला की 'उतरलो'. दोन्ही वेळा मी घरच्याच घड्याळात बघते, तर जाताना आठ तास आणि येताना साडेनऊ. दर खेपेला. अंतर तेच, मग हा दीड तास जातो कुठे?

कुठे जातो ते मी मनाशी पुरतं रंगवलं होतं. 'सुटलो' असं खोटंच कळवायचं आणि विमानतळावर तिच्यासमोर कॉफी पीत बसायचं. फोटोत पाहिलंय मी तिला. दात छान आहेत मेलीचे. इकडे मी मशीनवर पाय मारत होते आणि तिकडे त्यांची कॉफी काही संपत नव्हती. जळून खाक होत होते मी. एका गिऱ्हाइकाचे पडदे तर चक्क उलट्या बाजूने शिवले, फुलं आत आणि गाठी बाहेर.

शेवटी न राहवून नणंदेला विचारलं. ती विमान कंपनीत तिकिटांच्या काउंटरवर बसते.

"अगं वहिनी, वर वारा असतो," ती म्हणाली. "जाताना पाठीवर, येताना तोंडावर. सायकल चालवली आहेस ना कधी? येताना सगळ्यांनाच जास्त वेळ लागतो, एकट्या दादाला नाही." तिने मला वेळापत्रकच दाखवलं. मग पोट धरून हसली. मीही हसले. सहा महिने मी वाऱ्यावर जळत होते.

त्या संध्याकाळी तो परत आला, तेव्हा सगळा स्वयंपाक त्याच्या आवडीचा होता. तो खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या सोडत होता.

"एक सांगू? हसायचं नाही," मी म्हणाले. "गेले सहा महिने मी तुझ्यावर संशय घेत होते."

नाडीवरचा त्याचा हात थांबला.

"येताना दीड तास जास्त लागतो ना, त्यावरून. मला वाटायचं, तेवढा वेळ तू तिच्याबरोबर असतोस. वर वारा असतो हे मला काय ठाऊक? चुकलं माझं."

आता तो माझी यथेच्छ टिंगल करणार, असं मी धरून चालले होते. तो हसला नाही. त्याने लांब श्वास सोडला, अगदी सुटका झाल्यासारखा.

"दीडच तासाचा संशय होता?" त्याने विचारलं.

आपण काय बोललो ते त्याला लगेच कळलं. मलाही.