त्या दोघांच्या सत्काराची खुर्ची

मी एक जुनी, लाल मखमलीची खुर्ची आहे. मित्रांनो, नेरळच्या एका मंडपवाल्याने मला खास पाहुण्यांसाठी सागवानातून घडवून घेतले. नव्वदच्या दशकात सभा असो की कबड्डीचे सामने, मी व्यासपीठाच्या मधोमध असे. पुढारी शरच्चंद्र माझ्यावर बसत. त्यांच्या शब्दावर तालुका हलायचा. पोशीरच्या गोदाची कबड्डीतली चढाई पाहायला साजगावहून टेंपो भरून माणसे येत. पण बक्षीस घेऊन ती मागे उभीच राही. बस, असे तिला कुणी म्हटले नाही.

पुढे गुबगुबीत सोफे आले आणि मी गोदामात गेले. उंदरांनी माझा कापूस ओढून नेला.

यंदा अचानक मला नवी मखमल चढली. पोशीरच्या मैदानावर शरच्चंद्र आणि गोदा, त्या दोघांचा सत्कार होता. इतक्या वर्षांनी एवढा मान कशासाठी? मला काही ते सरळ वाटेना.

गोदाताईंनाही वाटत नसावे. त्या माझ्या अगदी कडेला बसल्या. शेजारच्या खुर्चीत थकलेले शरच्चंद्र होते. त्यांचा पुतण्या अजेय कार्यक्रमाचा आयोजक. तो वाकून म्हणाला, "ताई, मैदानाच्या योजनेला तुमचा आशीर्वाद आहे, एवढंच बोला."

"कसली योजना रं?"

"विकास आहे, ताई. नंतर सांगतो."

गोदाताईंनी शरच्चंद्रांकडे रोखून पाहिले. "सायेब, ह्यो तुमचाच डाव हाय ना?"

"मलाही एवढंच बोलायला सांगितलंय," ते हळूच म्हणाले. मग पुतण्याकडे वळले. "अजेय, पोरी खेळतात ती जागा राहणार ना?"

"काका, बंगले झाले की मागे छोटी बाग देऊ की."

गोदाताई उठल्या. त्यांनी माईक हातात घेतला. "पोरींनो, हितं बंगले होनार हायत. माजा आशीर्वाद नाय."

शरच्चंद्र काठी टेकत उठले. "माझाही नाही."

सभा तिथेच मोडली. पोरी व्यासपीठाभोवती जमल्या; अजेय फोन कानाला लावून गाडीकडे गेला. योजना बारगळली की नुसती लांबली, याची मला अजून खात्री नाही.

मित्रांनो, मला उन्हापावसात टाकू नका, एवढे मागणे आहेच. पण उद्या कुणी तुम्हाला मानाने माझ्यावर बसवू लागला, तर बसण्याआधी विचारा, कशासाठी?