ओली होत गेलेली खुर्ची

माझ्याकडे जेवायला येणाऱ्या त्या दोन मॉर्मन पोरांची नावं एल्डर बार्लो आणि एल्डर काल्सिन. त्यांच्यात एल्डर म्हणजे वडीलधारा. ओठावर धड मिसरूड नाही आणि म्हणे वडीलधारे! बार्लो अमेरिकेतल्या आयडाहोचा, ताडमाड आणि बडबड्या. काल्सिन पेरूमधल्या पुनोचा, बुटका, विचारल्याशिवाय न बोलणारा. आमच्या चिलोए बेटावर दारोदार धर्म सांगत हिंडायचे. मी पक्की कॅथलिक, त्यांच्या धर्माशी मला देणंघेणं नव्हतं. पण माझे बटाट्याचे मिलकाओ ती पोरं असे हादडायची की बघून पोट भरायचं.

त्यांचा एक नियम होता. जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही. संडास सोडला तर कुठं एकटं जायचं नाही. एकाला ताप आला की दुसरा दिवसभर त्याच्या उशाशी.

"लग्न परवडलं रे यापेक्षा," मी म्हणायचे. "माझा म्हातारा निदान मासे मारायला तरी जायचा."

म्हणून त्या दुपारी मागे वळले आणि बार्लो एकटाच दिसला, तेव्हा मी दचकलेच. बाहेर दाट धुकं होतं. दार वाजलं नव्हतं, पावलं वाजली नव्हती, आणि हा चुलीजवळच्या खुर्चीत बसलेला. पँट गुडघ्यापर्यंत ओली, काळ्या चिखलाने माखलेली.

"काल्सिन कुठाय?"

"येईल. तोवर तुम्ही बसा ना मावशी माझ्याजवळ."

"बसायला मी रिकामी आहे का? बूट काढ आधी, सगळं घर भिजवशील."

त्याने बूट काढले नाहीत. खांद्याला हात लावला तर बाजारातल्या मासळीसारखा गार.

तेवढ्यात काल्सिन धापा टाकत आत आला. "मावशी, बार्लो हरवला! किनाऱ्याने येत होतो. धुक्यात बाजूचा माणूस दिसेना. हाका मारमारून घसा बसला, पण त्याची ओ नाही."

"हरवतोय कसला? हा काय बसलाय."

काल्सिनने पाहिलं आणि रडतच त्याच्यापाशी धावला. मीही पाहिलं. आता बार्लो कमरेपर्यंत भिजला होता. कोणी पाणी ओतलं नव्हतं. खुर्चीखाली थारोळं साचत होतं.

काल्सिनने खिडकीकडे बघितलं. "भरती चालू झालीय का, मावशी?"

"झालीय."

"मग हा इथं नाहीये," तो हळूच म्हणाला.

मी बार्लोच्या पँटवरचा चिखल पुन्हा पाहिला. तसला काळा चिखल फक्त ओढ्याच्या मुखाशी असतो. माणूस रुततो तिथं. शिंपले वेचायलाही आम्ही कोणी तिकडे फिरकत नाही. मी काल्सिनला जागा सांगितली. तो उठला, तसा बार्लोने त्याचा हात धरला.

"मला सोडून जाऊ नकोस. नियम आहे आपला."

काल्सिन मटकन खाली बसला.

"ऊठ मेल्या! तो तिकडे बुडतोय!"

"कसा उठू? तो बघतोय माझ्याकडे."

पाणी बार्लोच्या छातीला लागलं होतं. मी काल्सिनची बोटं सोडवली आणि तो गार हात माझ्या हातात घेतला. "याच्याजवळ मी बसते. तू पळ. शेजारच्या एलिसेओला होडी काढायला लाव."

काल्सिन दाराकडे निघाला. "फ्रेदी!" बार्लोने हाक मारली. ती दोघं एकमेकांना कधी पहिल्या नावाने हाक मारत नसत. काल्सिनने वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर त्याचा पाय निघाला नसता, हे मला दिसत होतं.

मग घरात मी आणि खुर्चीतलं ते. मी मारियेची प्रार्थना म्हणत राहिले, घाबरून शब्द चुकत होते. पाणी गळ्याशी आलं, हनुवटीला लागलं. तो दाराकडे बघत होता. आणि एकदम माझी मूठ रिकामी झाली. समोर नुसती ओली खुर्ची. पोरगं वाचलं की गेलं, कसं कळावं? मी तिच्यासमोर बसून ढसाढसा रडले.

एलिसेओच्या होडीतून बार्लोला आणलं तेव्हा तो निळा पडला होता, पण जिवंत होता. काल्सिनने त्याला चिखलातून उपसताना स्वतःच्या हातांची सालटी काढून घेतली होती.

बार्लो पुढे बरा झाला. एकदा मी त्याला सूप पाजत होते, तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही माझा हात धरला होता, मावशी. शेवटपर्यंत. तो मात्र उठून गेला."

"अरे गाढवा, तो गेला म्हणून तू आहेस!"

"कळतं हो मला. पण डोळे मिटले की त्याची पाठच दिसते. मी हाक मारतोय आणि पाठ."

काल्सिन लाकडं घेऊन दारात उभा होता. त्याने ऐकलं. लाकडं चुलीशी नीट रचली आणि हात धुऊन जेवायला बसला.

त्यानंतर ती दोघं माझ्या कुंपणावरून जाताना मी बघायचे. काल्सिन नेहमी एक पाऊल मागे राहून चालायचा. बार्लोला त्याची पाठ दिसायला नको म्हणून.